कांद्याच्या गोण्यांना बांधलेला तंबू

मंगळवारी सकाळी शीतलचा फोन आला. शीतल ही माझी मैत्रीण मंदा हिची सून. ती सहसा फोन करत नाही, त्यामुळे नाव दिसताच काहीतरी झालं आहे हे कळलं. "मावशी, आई गेल्या," ती म्हणाली. चहाचं आधण ठेवून मंदा पाटावर बसली होती. आधण उतू गेलं तरी ती उठली नाही, म्हणून शीतल आत आली... डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. वर्तमानपत्राच्या कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाची एक खोड असते. निधनाची बातमी ऐकली की तो आधी तपशील विचारतो, रडणं मागाहून. मीही किती वाजता, कुठे, कोण कोण होतं, हेच विचारलं. शीतलनं नीट उत्तरं दिली. मग ती म्हणाली, "मावशी, वरचा तंबू काढू नका असं आईंनी कालच बजावलं व्हतं. आता त्याचं काय करायचं?"

तो तंबू आणे पठारावरच्या मंदाच्या घराच्या स्लॅबवर उभा होता. शनिवारी तिथे गावातल्या शाळकरी मुलींचा, गाईड पथकाचा, एका रात्रीचा कॅम्प होणार होता. मुलींनी एक रात्र घराबाहेर, तंबूत, आपल्या जबाबदारीवर काढावी यासाठी मंदा दोन वर्षं झगडत होती. म्हणजे आताची दोन वर्षं. त्याआधी, चौदाव्या वर्षी, ती हेच भांडण एकदा भांडली होती. ते मी जवळून पाहिलं होतं.

आम्ही दोघी ओतूरजवळच्या एका गावच्या. आठवीत असताना साबळेबाई शाळेत आल्या. त्या हिंदी शिकवत आणि गाईडच्या कॅप्टन होत्या. मुलांचं स्काउट पथक आधीपासून होतं. पंधरा ऑगस्टला ते काठ्या घेऊन पुढे चालत, मागून मुली लेझीम खेळत. बाईंनी महिन्याभरात मुलींना निळे फ्रॉक, गळ्यात स्कार्फ आणि हातात दोऱ्या दिल्या. पथकाचे छोटे संघ पाडले. मुलांच्या संघांची नावं वाघ, गरुड अशी होती. रिवाजाप्रमाणे मुलींना फुलांची नावं मिळाली. आमचा झेंडू संघ. मंदा त्याची नायिका झाली आणि पहिल्याच दिवशी बाईंना म्हणाली, "पोरांना वाघ नि आमाला झेंडू व्हय? झेंडू तर आमच्या शेतात तोडायला पण कुणी तयार नसतं." बाई म्हणाल्या, "नाव बदलता येणार नाही. झेंडूला घाबरतील असं काहीतरी कर."

बाईंनी एक रीत लावून दिली होती. सकाळी गळ्यात स्कार्फ घालताना त्याच्या टोकाला एक साधी गाठ मारायची. दिवसभरात कुणाच्या तरी उपयोगाचं एक काम, न सांगता, मोबदला न घेता केलं की गाठ सोडायची. दुसऱ्या दिवशी झेंड्यापुढे उभं राहिल्यावर बाई प्रत्येकीला विचारायच्या, "गाठ सुटली?" खोटं बोललेलं बाईंना कळायचं. आम्ही बहुतेक जणी एखाद्या म्हातारीची घागर उचलून मोकळ्या व्हायचो. गावात एकच म्हातारी विहिरीवर जायची, त्यामुळे तिच्या घागरीवरून भांडणं लागत. एकदा ती वैतागून म्हणाली, "पोरींनो, मला एकदा तरी माझं पाणी भरू द्या गं!" मंदा या रांगेत कधी नसायची. ती रस्त्यातली बाभळीची फांदी ओढून टाकायची, हापशाजवळचा चिखल उपसायची. एकदा शेजाऱ्याची विस्कटलेली सरपणाची मोळी तिनं रचून ठेवली. त्या शेजाऱ्यानं ती वाळायला मुद्दाम पसरली होती. शिव्या खाऊनही तिनं गाठ सोडली. "त्याला नको व्हतं म्हणून काय झालं? माझं काम तर झालं," असा तिचा हिशेब. तिच्या उपकारात दांडगाई असायची. तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनाही हे मान्य करावं लागेल.

दहावीच्या आधी तृतीय सोपानची, म्हणजे गाईडच्या तिसऱ्या पायरीची, परीक्षा होती. त्यासाठी एक रात्र तंबूत काढावी लागे. बाईंनी गावापासून लांब असलेल्या एका आमराईत कॅम्प ठरवला आणि एकेका घरून नकार यायला लागला. मंदाचे वडील अण्णा तर शाळेत येऊन बाईंना नमस्कार करून सांगून गेले की मुलगी रात्रीची बाहेर राहणार नाही. संध्याकाळी मी त्यांच्या घरी होते तेव्हा मंदानं विषय काढला. अण्णा गोठ्याच्या दाराशी बैलाचं दावं वळत बसले होते.

"पोरीबाळींनी रानात निजायचं? आन् सकाळी गावाला काय सांगायचं?" ते म्हणाले.

"बाजरी राखायला मला खळ्यावर नेताय, तवा मी कुठं निजते?"

"तवा मी असतो ना संगं."

"मग तुमी या."

"ते येगळं, हे येगळं."

"काय येगळं?"

अण्णा दावं वळत राहिले. मंदानं त्यांना कोंडीत धरलं नाही. बाजूला जाऊन ती मला म्हणाली, "आमराई नंतर. आधी खळं." पुढच्या आठवड्यात झेंडू संघानं अण्णांच्याच खळ्यावर, त्यांच्याच नजरेसमोर, तंबू ठोकला. बाई होत्या. बाकीच्या मुलींच्या घरच्यांना "अण्णांच्या खळ्यावर" एवढंच सांगितलं, आणि तेवढ्यानं होकार मिळाले. अण्णांनी थोड्या अंतरावर बाज टाकली, शेजारी काठी ठेवली आणि राखण करायला बसले. आम्ही विटांच्या चुलीवर खिचडी केली, ती खाली लागली. ताट भरून आम्ही अण्णांना नेऊन दिलं. त्यांनी करपलेलीही खाल्ली.

सकाळी झेंडा चढला. बाईंनी रांगेत विचारलं, "मंदा, गाठ सुटली?"

"सुटली, बाई. पहाटं अण्णा लई घोरत व्हते. गारठा व्हता, त्यांच्यावर घोंगडी घातली."

आम्ही हसलो. झेंड्यापुढे हसायचं नसतं, पण बाईही हसल्या. बाजेवरून अण्णा म्हणाले, "मी जागाच व्हतो." घोंगडी अजून त्यांच्या खांद्यावर होती. मग ते उठून तंबूजवळ आले, एक दोर ओढून पाहिला, दुसरा ओढला. गाठ सरकली नाही. "गोठ्यापरीस बरा बांधलाय," एवढं बोलून ते बैल सोडायला गेले. त्या वर्षी आमराईतला कॅम्प झाला. झेंडू संघातली एकही मुलगी घरी राहिली नाही.

या प्रसंगामुळे सगळं बदललं असं लिहिता येणार नाही. बारावीनंतर मंदाचं शिक्षण थांबलं, अण्णांनीच थांबवलं, आणि आण्याच्या रामभाऊंशी तिचं लग्न झालं. मी पुण्याला गेले, वार्ताहर झाले. ती मला "काय गं बातमीदारीण" म्हणून हाक मारी आणि आमच्या भागाची बातमी बिबट्याशिवाय कधी येत नाही म्हणून टोमणे मारी. स्कार्फ माहेरीच राहिला, पण सवय ती सासरी घेऊन आली. रोज सकाळी पदराच्या टोकाला गाठ. सासूबाईंना वाटलं, सून विसराळू आहे, आठवण राहावी म्हणून गाठ मारते. "कायम काय गं इसरतीस?" त्या विचारायच्या. मंदानं कधी खुलासा केला नाही. गावात ती विसराळू म्हणूनच ओळखली जायची. वास्तविक त्या घरातलं प्रत्येकाचं औषध, प्रत्येकाची उधारउसनवार आणि गाईची व्यायची वेळ तिच्या डोक्यात असे.

गाईड पथकातली शिटीही ती घेऊन आली होती. रामभाऊ रानात असले की स्लॅबवर चढून शिटी मारायची. एक लांब शिटी म्हणजे जेवायला या, दोन आखूड म्हणजे पाहुणे आलेत, अंगात सदरा घालून या. शेजारी तक्रार करत की तिच्या शिटीनं त्यांची जनावरं बुजतात. रामभाऊ सांगत, "तुमची नुसती जनावरं बुजत्यात, राव. मला शिटी ऐकल्यावर घरी जावं लागतं."

दोन वर्षांपूर्वी गावच्या शाळेत गाईड पथक काढायचं ठरलं आणि कॅप्टन व्हायला कुणी शिक्षिका तयार नव्हती. मंदानं शाळेत जाऊन सांगितलं, मी होते. पन्नाशी ओलांडलेली बाई पंचविशीतल्या शिक्षिकांबरोबर प्रशिक्षणाला गेली, जमिनीवर झोपली, गुडघे धरून परत आली. कवायत, गाठी, प्रथमोपचार, सगळं सुरू झालं. कॅम्पपाशी येऊन अडलं. आमच्या काळी लोकांना लोकांची भीती होती. आता उसात बिबट्या आहे, आणि ही भीती खोटी म्हणता येत नाही. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. पठारावरही तो दारात येऊन वासरं, कुत्री नेतो. "पोरांचा वाघ संघ व्हता, आता खराच वाघ आलाय," मंदा फोनवर म्हणाली. "आन् झेंडूवाल्या घरात कोंडल्यात. संध्याकाळी शौचालयाला जायचं तरी आईला हाक मारायची. ह्या पोरींनी आभाळ कधी बघायचं गं?"

तोडगा तिनंच काढला. तंबू जमिनीवर नको, स्लॅबवर. जिना एकच, त्याला दार, दार बंद केलं की वर काही येत नाही. अडचण एवढीच की स्लॅबमध्ये खुंट्या ठोकता येत नाहीत. तंबूचे दोर बांधायचे कशाला? उन्हाळी कांदा नुकताच निघाला होता, बराख म्हणजे कांद्याची वखार भरून गोण्या अंगणात पडल्या होत्या. मंदानं त्यातल्या काही गोण्या वर चढवून घेतल्या, तंबूभोवती मांडल्या आणि दोर त्यांना बांधले. मे महिन्यात दिवसाढवळ्या रंगीत तालीम झाली. मी मुद्दाम गेले होते. तंबू ताठ उभा होता, मुली आत बसल्या होत्या, मंदा त्यांना जखमेची पट्टी कशी बांधायची ते दाखवत होती. त्याच वेळी व्यापाऱ्याची गाडी दारात आली. रामभाऊ आळेफाट्याच्या कांदा बाजारात गेलेले. त्यांनी फोनवर हमालांना सांगितलं, "दिसतील तेवढ्या गोण्या भरा." हमालांना वरच्याही दिसल्या. दोर सोडून गोण्या पाठीवर घेऊन ते मुकाट उतरू लागले. तंबू आधी एका अंगाला कलला, मग बसला. आतून मंदाचा आवाज आला, "कुणी हालायचं नाय! पट्टी सोडायची नाय!" आम्ही कापड उचललं तेव्हा मुली एकमेकींना पट्ट्या बांधलेल्या अवस्थेतच बसल्या होत्या. संध्याकाळी रामभाऊ घरी आले. ती दारातच उभी होती. "अहो, माझा कॅम्प आळेफाट्याला विकून आलात का?"

रामभाऊंनी चप्पल काढली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मला काय म्हाईत तू तंबू कांद्याला बांधशील? लोकं बैल बांधत्यात, म्हशी बांधत्यात." शीतल स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. तेव्हा ती या सगळ्याला खूळ म्हणत असे. "आईंना वय कळत नाय, मावशी," हे तिनं मला त्याच दिवशी सांगितलं होतं.

पावसाळा संपला, नवरात्र झालं, कॅम्पचा शनिवार ठरला. मंदानं बराखीतून पुन्हा गोण्या वर नेल्या. रविवारी तंबू उभा केला, सोमवारी गाठी तपासल्या, मंगळवारी गेली.

अंत्यविधीला मी पोहोचले तेव्हा अंगणात माणसं होती आणि वर तंबू. भावकीतले एक वडीलधारे रामभाऊंना म्हणाले, "सुतकात हे बरं दिसत नाय. काढून टाका ते." रामभाऊंनी मान वर केली. "तिनं बांधलाय. कॅम्प झाल्यावर सुटंल," ते म्हणाले. विषय तिथे संपला.

दहाव्याला शीतलनं मला आत नेलं आणि कपाटातून एक घडी केलेलं लुगडं काढलं. मंदाला अंघोळ घालताना बायकांनी ते उतरवलं होतं. पदराच्या टोकाला गाठ होती, त्या मंगळवारच्या सकाळची. "मला म्हाईतीये ही कुणासाठी व्हती," शीतल म्हणाली. "सोमवारी रात्री जेवताना म्हणल्या, उद्या बबनकडं जायचंय. बाकीच्या पोरींचं ठरलंय, त्याची प्रज्ञा तेवढी राहिली." मी विचारलं, मग आता? शीतलनं लुगडं परत कपाटात ठेवलं. "आता काय. तेरावं झालं की आपण जायचं."

गेलो. बबन पिकअप चालवतो. घर उसाला लागून आहे. आम्ही का आलो हे त्याला माहीत होतं. त्यानं पाणी दिलं, मंदाकाकीबद्दल दोन शब्द बोलला, आणि मग सरळ सांगितलं, "ताई, माझी कालवड ह्या दारातनं नेली वाघानं. मी हितंच व्हतो, बॅटरी घेऊन बाहेर येस्तवर उसात गेली. तुमी म्हणताय पोरगी द्या."

"स्लॅबवर हाय, भाऊ. जिन्याला दार हाय," शीतल म्हणाली.

"दार माझ्या गोठ्याला पण व्हतं."

शीतलनं लगेच सांगितलं, "मग तुमी या. जिन्यात बाज टाकते. दाराला आतनं गोण्या लावू, तुमी राखण बसा. पोरगी तुमच्या नजरंसमोर राहील." मी तिच्याकडे पाहिलं. खळ्यावरची गोष्ट मंदानं तिला कधी सांगितली होती का, हे मी अजून विचारलेलं नाही. मी बबनला अण्णांबद्दल सांगितलं. राखणीला बसले आणि घोरले, मुलीनं घोंगडी घातली. बबनच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "मी नाय झोपायचो," तो म्हणाला. आतून प्रज्ञाचा आवाज आला, "पप्पा, तुमी गाडीत पण झोपताय!" बबन म्हणाला, "गप. दप्तर भर... म्हंजे ते काय लागतंय ते भर."

आधी ठरलेला शनिवार सुतकात गेला होता, तेराव्यानंतरच्या शनिवारी कॅम्प झाला. कॅप्टनच्या जागी शाळेतल्या एका तरुण शिक्षिकेनं उभं राहायचं कबूल केलं. मी आणि शीतल हाताखाली होतो. मुलींनी खिचडी केली, ती याही वेळी खाली लागली. अंधार पडल्यावर दिवे मालवून त्या पाठीवर आडव्या झाल्या आणि आभाळाकडे बघत बसल्या. त्यानंतर पहाटेपर्यंत कुणी गप्प बसलं नाही. सकाळी जिन्याचं दार उघडलं तेव्हा बबन बाजेवर ताठ बसलेला होता, डोळे लाल. तो खरंच झोपला नव्हता. "काय झोपतोय," तो म्हणाला, "रातभर टकळी चालू. वाघ कुठनं येतोय ह्यांच्या तोंडापुढं!" मग चहाचा कप हातात घेऊन त्यानं विचारलं, "पुढचा कॅम्प कधी?" मुलींना लांबच्या कॅम्पला न्यायला माझी गाडी घ्या, असंही त्यानं स्वतःहून सांगितलं.

मुली गेल्यावर शीतल ते लुगडं घेऊन वर आली. स्लॅबच्या कठड्यावर बसून तिनं गाठ सोडली. घट्ट बसली होती, दात लावावे लागले. पदराच्या टोकाला कापड चुरगळून चुण्या पडल्या होत्या. रोज तिथेच गाठ मारल्यामुळे त्या आता इस्त्रीनंही जाणार नाहीत. शीतलनं त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "नाताळच्या सुट्टीत परत घ्यायचा म्हणतीये. कॅप्टनचं ते ट्रेनिंग कुठं असतं, मावशी?"

तंबूचं कापड आम्ही घडी करून खाली आणलं. गोण्या मात्र वरच आहेत, गोलाकार, दोर बांधलेल्या. मधल्या दिवसांतल्या दवानं कांद्याला कोंब फुटले, गोण्यांच्या जाळीतून हिरवी पात बाहेर आली आहे. हा कांदा आता बाजाराच्या कामाचा नाही. मी रामभाऊंना सुचवलं की त्यात वाळू भरून ठेवा, वजन टिकेल. ते म्हणाले, "बघू." गेल्या आठवड्यात मी तिथे असताना व्यापाऱ्याची गाडी बराखीतला राहिलेला माल न्यायला आली. हमाल तेच होते, मे महिन्यातले. खालचं भरून झाल्यावर त्यांच्यातल्या एकानं जिन्याकडे बोट करून विचारलं, "भाऊ, वर पण कांदा दिसतोय. घ्यायचा?"

रामभाऊ जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन उभे राहिले.

"तो कांदा नाय," ते म्हणाले. "तंबूच्या खुंट्या हायेत त्या."